१४४०पी, १८० हर्ट्झचा मॉनिटर आला. आता बी४५० बोर्डवर कार्ड कोणतं टाकू?

गच्चीखालची_खोली

नमस्कार मंडळी. २७ इंची, २५६० बाय १४४०, १८० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर घेतला आहे. फ्रीसिंकची (पडद्याचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवायची सोय) रेंज ४८ ते १८०. मागे एक डिस्प्लेपोर्ट १.४ आणि दोन एचडीएमआय २.०. कार्ड मात्र अजून तेच, जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबी.

बाकीचं मशीन: रायझन ५ ५६००, बी४५० चिपसेटचा छोटा बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ग्राफिक्स कार्डसाठी एसएमपीएसमधून एकच वायर येते, तिच्या टोकाला ६+२ पिनचे दोन कनेक्टर आहेत. कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंत मोजून २९ सेंटिमीटर जागा आहे.

गेम: व्हॅलोरंट रोज, सायबरपंक २०७७ आणि एल्डन रिंग अधूनमधून, पुढे जे नवीन येईल ते. बजेट ४५ हजार, फारच गरज असेल तर ५०.

इथे नागपुरात, बर्डीत दोन-तीन दुकानांत विचारलं. सगळे ८ जीबीचंच कार्ड सांगून राहिले, "१४४०पीला ८ जीबी बस झालं" म्हणून. मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. कार्डावरची मेमरी ८ की १६ जीबी? एसएमपीएस बदलावा लागेल का? आणि पीसी वरच्या मजल्यावर गच्चीखालच्या खोलीत आहे, तिथे कूलर चालतो. मे महिन्यात नवं कार्ड तापणार नाही ना?

फ्रेमटाइम

भाऊ, कार्डाचं नाव नंतर. आधी मॉनिटर काय मागतो ते पाहा, म्हणजे दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी गोंधळ होणार नाही.

१०८०पीत २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीत ३६.९ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमला पावणेदोन पटीहून थोडं जास्त काम. १८० हर्ट्झ पूर्ण भरायचे तर एक फ्रेम ५.५६ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. ६० ला तीच मुदत १६.६७ मिलिसेकंद असते. सायबरपंकसारख्या गेममध्ये सगळं अल्ट्रावर ठेवून ५.५६ गाठणारं कार्ड ४५ हजारांत येत नाही, आणि ते गाठायची गरजही नाही. तुमचा मॉनिटर ४८ ते १८० मध्ये कुठेही कार्डाच्या तालावर चालतो. ९० फ्रेम आल्या तर पडदा ९० हर्ट्झवर. फ्रेम ४८ च्या खाली गेल्या तर ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो, ४० चे ८० करतो. त्यासाठी वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या दुपटीहून बरीच जास्त लागते आणि तुमच्याकडे ती पावणेचार पट आहे. म्हणून १८० हे छत समजा. जड गेममध्ये ८० ते ११० फ्रेम आणि त्यात झटके नाहीत, हे या मॉनिटरसाठी योग्य लक्ष्य.

तुमच्या तीन गेमपैकी दोघांना तर नव्या कार्डाने फारसं काही मिळणार नाही. व्हॅलोरंट प्रोसेसरवर चालतो. १६६० सुपरसुद्धा तिथे कमी सेटिंगवर दमत नाही. एल्डन रिंगला गेमच्याच आत ६० फ्रेमचं कुलूप आहे, कोणतंही कार्ड टाका. म्हणजे पैसे सायबरपंकसाठी आणि पुढे येणाऱ्या गेमसाठी जाणार आहेत, आणि नेमकं तिथेच ८ जीबी कमी पडतं.

आता बोर्ड. बी४५० वर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआयई ३.० चा (कार्ड आणि बोर्डमधल्या वाटेची जुनी पिढी) आहे. प्रोसेसर ४.० चा असला तरी बोर्ड त्याला ३.० वरच चालवतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय या दोन्ही कार्डांना आठच लेन (डेटाच्या वाटा) आहेत. ३.० च्या आठ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वाहून नेते. कार्डावरची ८ जीबी भरली की उरलेली टेक्स्चर (भिंती, रस्ते यांवरची चित्रं) साध्या रॅममधून याच अरुंद वाटेने येतात. सरासरी फ्रेमचा आकडा तेव्हाही बरा दिसतो, पण वळणावर गाडी वळवली की पडदा अडकतो, किंवा भिंतीवरचं टेक्स्चर दोन सेकंद चिखलासारखं राहतं. दुकानात डेमो पाहताना हे कळत नाही, कारण मेमरी भरायला अर्धा तास खेळावं लागतं. शिवाय विंडोज, ब्राउझर आणि दुसरा मॉनिटर असेल तर तो, असे मिळून अर्धा-एक जीबी आधीच खातात.

एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेनचं आहे. बी४५० वर त्याला सेकंदाला पावणेसोळा जीबीची वाट मिळते. १६ जीबीचं मॉडेल १६० वॉटचं आहे, बहुतेक कंपन्यांच्या कार्डांना ८ पिनचा एकच कनेक्टर लागतो, आणि दोन पंख्यांची कार्डं तुमच्या २९ सेंटिमीटरमध्ये आरामात बसतात. लांबी तरी कंपनीच्या साइटवर पाहूनच घ्या. तीन पंख्यांची काही मॉडेल ३० च्या पुढे जातात. जाडीही बघा. एक स्लॉट म्हणजे २०.३ मिलिमीटर, अडीच स्लॉटचं कार्ड ५० मिलिमीटर खाली उतरतं आणि छोट्या बोर्डवर खालचे यूएसबी, ऑडिओचे पिन झाकते.

माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या बोर्डला, मॉनिटरला आणि बजेटला आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. कोटेशनवर "१६ जीबी" लिहून घ्या. याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड येतं, ५०६० टीआयचंही तसंच, आणि खोके लांबून सारखेच दिसतात.

हिंगणा_रोड

वरच्या उत्तरात एक भर घालतो, कारण आठ लेनची भीती जरा जास्त घातली गेली आहे. वाट अरुंद असल्याचा त्रास होतो तो मेमरी भरून वाहायला लागल्यावर. ५०६० टीआय १६ जीबीमध्ये १४४०पीला ती सहसा भरत नाही, त्यामुळे बी४५० वर फरक असतो पण थोडा. टाळायचं आहे ते ८ जीबी आणि आठ लेन हे एकत्र.

बाकी निवड वापरावर आहे. घरात कोणी ब्लेंडर शिकत असेल, मॉडेल ट्रेन करत असेल, किंवा सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंग (प्रकाशाचा सगळ्यात जड हिशेब) लावूनच खेळायचं असेल, तर एनव्हिडिया घ्या. कुडावर (एनव्हिडियाची स्वतःची प्रणाली) चालणारी बरीच सॉफ्टवेअर एएमडीवर एक तर चालत नाहीत किंवा धडपडत चालतात. फक्त गेम असतील तर ९०६० एक्सटी. ९०६० एक्सटी आणि ५०६० टीआयच्या १६ जीबी मॉडेलचे अमेरिकेतले जाहीर भाव २०२५ मध्ये अनुक्रमे ३४९ आणि ४२९ डॉलर होते, इथे अंतर कमीजास्त असू शकतं. ते वाचलेले पैसे ३२ जीबी रॅमकडे वळवता येतील.

एनव्हिडियाचं डीएलएसएस की एएमडीचं एफएसआर, म्हणजे लहान चित्र मोठं करायचं तंत्र, यावर फार डोकं लावू नका. आरएक्स ९००० मालिकेवर एफएसआर ४ चालतं आणि १४४०पीच्या क्वालिटी मोडला चित्र स्वच्छ राहतं. त्या मोडमध्ये कार्ड मुळात १७०७ बाय ९६० वर काम करतं आणि मग मोठं करतं. मात्र एफएसआर ४ प्रत्येक गेममध्ये नाही, डीएलएसएस जास्त गेममध्ये आहे. आपला गेम यादीत आहे का ते घेण्याआधी तपासा.

फ्रेम जनरेशनबद्दल (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवणं) दुकानात "तिप्पट फ्रेम" म्हणून सांगतील. मूळ ६० फ्रेम येत असतील तरच ते लावा. मूळ ३५ असतील तर आकडा १०० दिसेल, पण माऊस ३५ चाच लागेल, वर थोडा उशीर वाढेल.

वायरिंगवाला

एसएमपीएसचं मी सांगतो. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट घेतो. कार्ड १६० किंवा ५०६० टीआय असेल तर १८०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. एकूण ३०० च्या आसपास. क्षणिक उसळ्या धरल्या तरी चांगल्या कंपनीचा ५५० पुरतो, बदलू नका. पाच-सहा वर्षांहून जुना असेल तर मात्र विचार करा, वॉरंटी संपलेला एसएमपीएस नव्या कार्डाखाली ठेवणं बरं नाही.

८ पिनच्या कनेक्टरमधून १५० वॉट आणि स्लॉटमधून ७५, म्हणून १६० ते १८० वॉटच्या कार्डाला एक कनेक्टर नियमातच बसतो. काही ५०६० टीआयना मात्र १६ पिनचा नवा कनेक्टर असतो. तो पूर्ण आत गेला पाहिजे, कार्ड आणि प्लगमध्ये नखाएवढी फट दिसली तरी काढून परत लावा, आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरच्या आत वायर वाकवू नका. अर्धवट बसला की थोड्याच पिनांवर सगळा करंट येतो आणि प्लास्टिक वितळतं.

यूपीएसकडे कोणी लक्ष देत नाही. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. ३०० वॉटचं मशीन आणि ४० वॉटचा मॉनिटर त्यावर टाकला, तर अवकाळी पावसात लाईन गेली की बॅटरीवर जाताच तो ओरडून बंद पडू शकतो. १००० व्हीए, ६०० वॉट घ्या. आणि पॉइंटचं अर्थिंग मल्टिमीटरने तपासून घ्या. मशीन चालू असताना न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कार्ड नंतर, आधी इलेक्ट्रिशियन.

गच्चीखालची_खोली

खूप आभार. दोन शंका. एक, ५० च्या वर थोडं जाऊन आरटीएक्स ५०७० घेतलं तर पुढची चार-पाच वर्षं बघावं लागणार नाही असं मित्र म्हणतात, किंवा जुनं ३०८०. दुसरी, गरमीचं कोणी सांगितलंच नाही.

हिंगणा_रोड

जुनं ३०८० सोडून द्या. ३२० वॉटचं कार्ड, मेमरी १० जीबी, तुमचा ५५० वॉटचा एसएमपीएस त्याला पुरणार नाही, आणि बिल नसेल तर वॉरंटीही नाही.

५०७० चांगलं कार्ड आहे, पण २५० वॉटचं, कंपनी स्वतः ६५० वॉटचा एसएमपीएस सांगते. म्हणजे कार्डाचा फरक अधिक नवा एसएमपीएस. आणि मेमरी १२ जीबी, ९०६० एक्सटीपेक्षा चार कमी. वेग नक्कीच जास्त आहे, ते नाकारत नाही. पण प्रोसेसर ५६०० आहे. गर्दीच्या शहरात, रे ट्रेसिंग लावून, तोच आधी अडतो. तुमचं मशीन कुठे अडतं ते आजच जुन्या कार्डावर बघता येईल. गेममध्ये एका जागी उभे राहा, रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा, टेक्स्चर सोडून ग्राफिक्स कमी करा. जेवढ्या फ्रेम येतील तेवढी तुमच्या प्रोसेसरची हद्द. सायबरपंकच्या बाजारात तो आकडा ९०-१०० आला, तर १४० फ्रेमचं कार्ड घेऊन काय करणार?

इंटेलचं बी५८० कोणी सुचवलं तर तेही या मशीनला नको. १२ जीबी आहे, स्वस्त आहे, पण त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर पडतो आणि ५६०० च्या वर्गात काही गेममध्ये फ्रेम बऱ्याच पडतात.

ऊन_आणि_पंखे

गरमीचा हिशेब सोपा आहे: खोली जितके अंश तापते, कार्डही साधारण तितकेच अंश वर जातं. २४ अंशांच्या खोलीत ६५ वर राहणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८० च्या पुढे जाणार. कार्ड जळत नाही. आधी पंखे किंचाळतात, मग चिपचा वेग आपोआप उतरतो आणि फ्रेम कमी होतात. गच्चीखालच्या खोलीत स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून दुपारपेक्षा संध्याकाळी सातला मशीन जास्त तापलेलं दिसेल तर घाबरू नका.

आपल्याकडच्या मे महिन्यात हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर खोली चांगली उतरवतो आणि त्याचा फायदा कार्डलाही होतो. फक्त कॅबिनेट कूलरच्या झोतात नको. दमटपणाने आतले तापलेले भाग ओले होत नाहीत. भीती दोन गोष्टींची आहे. पंप जोरात असला किंवा वाळ्याची ताटी नीट बसलेली नसली की झोताबरोबर बारीक तुषार येतात. आणि बाहेरची धूळ त्या ओलाव्यात कार्डाच्या फिन्सवर लिंपल्यासारखी बसते. कोरडी धूळ ब्लोअरने उडते, हा थर उडत नाही, पंखे काढून मऊ ब्रशने सोडवावा लागतो. कॅबिनेट झोताच्या रेषेबाहेर, कूलरच्या पाच-सहा फूट बाजूला ठेवा, जमिनीपासून वीतभर उंच, मागे भिंतीपासून अर्धा फूट जागा. समोरून दोन पंखे हवा आत, मागून एक बाहेर. समोर बंद काच असेल तर पंखे कितीही लावा, हवा आत येणार नाही. पुढची जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून लावा. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा; मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

कूलर पावसाळ्यात काम करत नाही, हवेत आधीच ओल असते. जून-जुलैत पाणी बंद करून नुसता पंखा आणि उघडी खिडकी बरी.

कार्डातही सेटिंग करा. एएमडीच्या ॲड्रेनलिन ॲपमध्ये परफॉर्मन्स, मग ट्यूनिंग, मग कस्टम. पॉवर लिमिट उणे १० टक्के. व्होल्टेज २०-२० मिलिव्होल्टने खाली आणा, प्रत्येक पायरीवर जड गेम तासभर चालवा. पडदा काळा होऊन "ड्रायव्हर टाइमआउट" आला की एक पायरी मागे या. प्रत्येक कार्डाची खालची हद्द वेगळी असते, दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा टाकू नका. आणि मे महिन्यात सायबरपंकला ९० फ्रेमचं बंधन घाला. फ्रीसिंक आहेच, डोळ्याला फार जाणवत नाही, कार्डाचे वॉट मात्र लगेच उतरतात.

फ्रेमटाइम

कार्ड आल्यावर काय क्रमाने करायचं ते लिहून ठेवतो, कारण "नवं कार्ड टाकलं आणि काहीच फरक नाही" अशा तक्रारी बहुतेक इथूनच येतात.

आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर). बी४५० वर रिसाइझेबल बारचा (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) पर्याय जुन्या बायोसमध्ये दिसत नाही, तेव्हा बोर्डाच्या साइटवरून नवा घ्या. हे काम यूपीएसवरच करा. मधे लाईन गेली तर बोर्ड मरू शकतो. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) परत चालू करा, नाही तर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालत राहील. मग अबव्ह ४जी डिकोडिंग चालू, रिसाइझ बार चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद. सीएसएम बंद करण्याआधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हची डिस्क जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) आहे का पाहा. एमबीआर (जुनी पद्धत) असेल तर विंडोज चालूच होणार नाही. तेव्हा आधी डेटाची प्रत काढा, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी साधनाने डिस्क बदला आणि नंतर सीएसएमला हात लावा.

जुना एनव्हिडिया ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने काढा, इंटरनेट तोडून, म्हणजे विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घालणार नाही. मशीन बंद, मागचं बटण बंद, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला करंट काढा. स्लॉटच्या टोकाची कडी दाबून जुनं कार्ड सरळ वर ओढा. नवं कार्ड सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्येच बसवा. छोट्या बोर्डांवरचा खालचा लांब स्लॉट सहसा चारच लेनचा असतो. कडीचा "टक्" आवाज आला की आधी स्क्रू, मग वायर.

मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडा. एचडीएमआय २.० वर १४४०पी १४४ हर्ट्झपर्यंतच जातं, म्हणून १८० चा पर्याय दिसला नाही की बरेच जण कार्डाला दोष देतात. केबल मॉनिटरच्या खोक्यातलीच वापरा. हलक्या केबलमध्ये २० नंबरची पिन जोडलेली असते, तिच्यातून मॉनिटरचा करंट कार्डात येतो आणि मशीन कधी चालू होत नाही, कधी नीट बंद होत नाही.

विंडोज नवा मॉनिटर ६० हर्ट्झवर सोडतं. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे १८० निवडा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक चालू करा, मग ॲड्रेनलिनमध्ये. गेममधली फ्रेमची मर्यादा १७० ते १७५ ठेवा, कारण १८० ला टेकली की फ्रीसिंकची हद्द संपते.

शेवटी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं साधन) उघडा. बस इंटरफेसच्या ओळीत "x१६ ३.०" दिसायला हवं. नुसतं उघडल्यावर १.१ दिसेल, तो आरामातला वेग आहे. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा, मग खरा आकडा येतो. त्याच खिडकीत मेमरी साइज १६३८४ एमबी आणि रिसाइझेबल बार "एनेबल्ड" आहे का पाहा. ८१९२ दिसलं तर त्याच दिवशी बिल आणि खोकं घेऊन बर्डीत परत जा.

गच्चीखालची_खोली

७२०पीची चाचणी आत्ताच केली. सायबरपंकच्या बाजारात ९२ ते ९८ फ्रेम. ५०७० चा विचार सोडला. ९०६० एक्सटी १६ जीबीचं लेखी कोटेशन उद्या दोन ठिकाणांहून घेतो. सी ड्राइव्हची डिस्क एमबीआर निघाली, तेव्हा आज रात्री आधी डेटाची प्रत काढायला बसतो.

हिंगणा_रोड

कोटेशन घेताना वॉरंटी किती वर्षांची, ती बिलावर चालते की सीरियल नंबरवर, आणि कार्ड नागपुरात जमा होतं की मुंबईला पाठवावं लागतं, हे तिन्ही विचारा. पाठवायचं असेल तर कुरिअरचा खर्च कोणाचा, तेही. खोक्यावरचा आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळतो का हे काउंटरवरच पाहा आणि दोन्हींचे फोटो काढून ठेवा.